वायपर ब्लेड घरी बदलताना: कामाचा क्रम, अचूक माप आणि नेहमी होणाऱ्या चुका

नवं ब्लेड अडकवणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि म्हणूनच ते घाईत केलं जातं. पहिला पाऊस पडतो, काचेवर रेघा दिसतात, दुकानातून मिळेल ते ब्लेड आणून रस्त्याच्या कडेलाच लावलं जातं. पुढच्या सरीत रेघा तशाच राहतात आणि दोष ब्लेडच्या माथी येतो. बऱ्याचदा ब्लेड ठीकच असतं. काचेवर तेलकट थर असतो, आर्म (ब्लेड धरणारा धातूचा हात) वाकलेला असतो किंवा माप चुकलेलं असतं. काच, आर्म आणि रबर या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पाणी नीट पुसलं जातं. त्यामुळे इथे ब्लेड बसवण्यापेक्षा त्याच्या आधीच्या तयारीवर जास्त भर आहे.

दुसरी चूक महागात पडते. ब्लेड काढलेला मोकळा आर्म हातातून सुटून काचेवर आपटतो. त्याच्या टोकाला धातूचा हुक असतो आणि मागे स्प्रिंगचा जोर. एका फटक्यात समोरची काच तडकते. ब्लेडच्या कितीतरी पट खर्च त्या काचेला येतो.

खालची माहिती मुख्यतः हुकवाल्या आर्मसाठी आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हींमध्ये तोच असतो. बाकीचे प्रकार त्या त्या जागी येतील.

## १. आधी ठरवा, ब्लेड खरंच गेलं आहे का

पैसे खर्च करण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्या. आर्म उचला, स्वच्छ ओलं फडकं चिमटीत धरून रबराच्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीनदा फिरवा. फडक्यावर काळा मळ येईल. काच साबणाच्या पाण्याने धुऊन काढा आणि भरपूर पाणी ओतत वायपर चालवून बघा. रेघा गेल्या असतील तर ब्लेड अजून चालेल.

गेल्या नसतील तर खुणा वाचा. प्रत्येक खुणेचं कारण वेगळं असतं.

दर फेरीत त्याच जागी एक-दोन बारीक रेघा उमटत असतील, तर रबराच्या कडेला तिथे चीर गेली आहे किंवा खडा रुतला आहे. रबर फाटून टोकाला लोंबत असेल तर विचार करायची गरजच नाही. मधोमध किंवा टोकाला रुंद पट्टा न पुसता राहत असेल, तर तिथे ब्लेडचा दाब पोहोचत नाही. म्हणजे ब्लेडचा धातूचा सांगाडा वाकला आहे, त्याचा एखादा सांधा अडकला आहे किंवा फ्लॅट (सांगाडा नसलेल्या) ब्लेडची वक्रता गेली आहे. पुसल्यावर क्षणभर धुक्यासारखा थर राहून मग विरत असेल, तर बहुधा काच तेलकट आहे. वायपर थरथरत, उड्या मारत चालत असेल, तर रबर कडक झालं आहे, काचेवर मेण किंवा सिलिकॉन आहे, नाहीतर आर्मला पीळ पडला आहे.

रबर बोटाने तपासा. कड डावीकडे आणि उजवीकडे सारखीच सहज झुकली पाहिजे. एका बाजूला झुकलेलीच राहत असेल, बोटाला टणक लागत असेल किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील, तर ब्लेड बदला.

रबर पावसात झिजतं त्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त खराब होतं. एप्रिल-मेमध्ये नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उघड्यावर उभ्या गाडीची काच त्याहून तापते, आणि रबर दोन महिने एकाच स्थितीत दाबून त्या काचेवर भाजत असतं. त्यामुळे बदलण्याची योग्य वेळ मेचा शेवटचा आठवडा. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, कोकणात आणि गोव्यात त्याआधी. मार्चमध्ये नवं ब्लेड लावलं तर ते पावसाआधीच उन्हात अर्धं संपतं.

## २. माप घ्या, अंदाज करू नका

मोजपट्टीने रबराची लांबी मोजा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, कारण बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरकडचं ब्लेड लांब आणि शेजारचं आखूड असतं. गाडीच्या पुस्तिकेत माप दिलेलं असेल तर त्याच्याशी ताडून बघा. तुमच्या आधी कुणीतरी चुकीच्या मापाचं ब्लेड लावलं असण्याची शक्यता असते आणि तेच माप पुढे चालू राहतं.

दुकानात माप इंचात सांगतात, खोक्यावर कधी मिलिमीटर असतात. १४ इंच म्हणजे सुमारे ३५० मिमी, १६ म्हणजे ४००, १८ म्हणजे ४५०, २० म्हणजे ५००, २२ म्हणजे ५५०, २४ म्हणजे ६०० आणि २६ म्हणजे ६५० मिमी. पाच-दहा मिलिमीटरच्या फरकाने काही बिघडत नाही.

नेमकं माप मिळालं नाही तर एक इंच आखूड ब्लेड तात्पुरतं चालतं. थोडी काच न पुसता राहील, एवढंच. लांब ब्लेड मात्र लावू नका. ते वर काचेच्या कडेच्या रबरावर आपटतं किंवा दुसऱ्या ब्लेडमध्ये अडकतं. काचेच्या गोलाईवर टोक नीट टेकत नाही, आणि मोटरवर ताण येतो तो वेगळाच. "जास्त काच पुसली जाईल" म्हणून मोठं माप घेणारे बरेच असतात. उपयोग होत नाही.

ऑनलाइन मागवताना एक बारकावा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. अमेरिकेत किंवा आखाती देशांत तो डावीकडे असतो, आणि तिथल्या बाजारासाठी छापलेल्या जोडीवरची डावी-उजवी खूण आपल्या गाडीला उलटी पडते. खुणेकडे न बघता लांबीवरून ठरवा. तिकडे राहणाऱ्यांनी इथल्या भारतीय व्हिडिओमध्ये दाखवलेली बाजू तशीच धरू नये.

तपासा: माप घेतानाच आर्मचं टोक आणि ब्लेडचा जोड जवळून दिसेल असा फोटो मोबाइलवर काढा. दुकानात गाडीच्या मॉडेलच्या नावापेक्षा हा फोटो जास्त कामाला येतो.

## ३. जोड ओळखा, मग ब्लेड निवडा

आर्मचं टोक इंग्रजी यू अक्षरासारखं मागे वळलेलं असेल तर तो हुक. यातही मापं असतात. पट्टीची रुंदी बहुधा ९ मिमी आणि जाडी ३ किंवा ४ मिमी असते. नव्या ब्लेडसोबत दोन-तीन अ‍ॅडाप्टर (हुक आणि ब्लेड जोडणारे प्लास्टिकचे तुकडे) येतात ते यासाठीच. जाडीचा अ‍ॅडाप्टर चुकला तर एकतर हुक आत जात नाही, नाहीतर जातो आणि सैल राहून खडखडतो.

टोक सरळ असेल आणि त्यावर दाबायचं बटण असेल, दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायचे कान असतील किंवा ब्लेड आडव्या पिनवर बसत असेल, तर ते हुकवालं नाही. युरोपीय बनावटीच्या अनेक गाड्यांत असे जोड असतात. त्यांना त्या जोडाचंच ब्लेड घ्या. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेलं खोकं उघडून, अ‍ॅडाप्टर तुमच्या फोटोशी जुळतो का ते दुकानातच बघा.

प्रकार तीन. धातूच्या सांगाड्याचं जुन्या पद्धतीचं ब्लेड, सांगाडा नसलेलं आणि आतल्या पोलादी पट्टीच्या वक्रतेवर चालणारं फ्लॅट ब्लेड, आणि वरून आवरण घातलेलं सांगाड्याचं ब्लेड, ज्याला दुकानात हायब्रिड म्हणतात.

फ्लॅट दिसायला नीटस असतं आणि त्यात धूळ अडकायला सांधे नसतात. पण त्याची वक्रता कारखान्यात ठरलेली असते. तुमच्या काचेची गोलाई वेगळी असेल तर टोकं किंवा मध्य उचललेला राहतो. सांगाड्याचं ब्लेड सांध्यांमुळे कुठल्याही गोलाईवर बऱ्यापैकी बसतं. त्यामुळे आमचा सल्ला सरळ आहे: गाडी कंपनीतून ज्या प्रकारच्या ब्लेडसह आली, त्याच प्रकारचं घ्या. बदल करायचाच असेल तर आधी एका बाजूला लावून, काचेवर टेकल्यावर कुठे फट दिसते का ते बघा.

खोकं उघडल्यावर रबर वाकलेलं किंवा चेपलेलं नाही ना, हेही पाहा. उन्हात टांगून ठेवलेला माल घेऊ नका.

## ४. तयारी: साहित्य, जागा, गाडीची स्थिती

हाताशी हे ठेवा:

- जाड टॉवेल, चार घड्या घालून
- दोन मायक्रोफायबर फडकी, एक ओल्यासाठी, एक कोरड्यासाठी
- बादलीभर स्वच्छ पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब
- लहान चपटा स्क्रू-ड्रायव्हर (फक्त अडकलेला खटका उचलायला)
- मोजपट्टी, कागदी चिकटपट्टी, मोबाइल

गाडी सावलीत आणि सपाट जागी लावा. काच हाताला गार लागली पाहिजे. तापलेल्या काचेवर साबण पुसायच्या आत वाळतो आणि डाग सोडतो. जोराचा वारा असेल तर काम पुढे ढकला, कारण उभा केलेला आर्म वाऱ्यानेही खाली येतो.

वायपर बंद करून ते नेहमीच्या जागी थांबू द्या आणि मग चावी बंद करा. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर असतील तर तो मोड आधी बंद करा. नाहीतर कुणी चावी फिरवली आणि काचेवर पाणी असलं, तर तुमचा हात मध्ये असताना वायपर सुरू होईल. दोन्ही ब्लेडच्या शेजारी काचेवर चिकटपट्टीची खूण करा. काम झाल्यावर वायपर त्याच जागी परत थांबतो का, हे त्यावरून कळतं.

सावधान: काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली लपलेले असतात. ते तसेच उचलले तर आर्म बॉनेटला घासून रंग उडतो. अशा गाड्यांना सर्व्हिस स्थिती असते. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक मॉडेलांत इग्निशन बंद केल्यावर काही सेकंदांच्या आत स्टिअरिंगजवळची वायपर चालवायची दांडी एकदा खाली दाबली की आर्म काचेच्या मध्यावर येऊन थांबतात. तुमच्या गाडीची नेमकी पद्धत पुस्तिकेत बघा. हाताने ओढून आर्म वर आणायचा प्रयत्न करू नका, त्याने मोटरच्या आतले गिअर खराब होतात.

## ५. काच धुवा, तीही जुनं ब्लेड काढण्याआधी

हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. आधी ब्लेड काढतात आणि मोकळा आर्म उभा ठेवून काच पुसत बसतात. धक्का लागायची शक्यता नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त असते. जुनं ब्लेड लागलेलंच असू द्या. आर्म पडला तरी रबर आपटेल, धातू नाही.

१. आर्म उचलून उभे करा. दोन आर्म एकमेकांवर येत असतील तर वरचा आधी उचला आणि खाली ठेवताना तो शेवटी ठेवा.

२. आधी नुसतं पाणी ओता. माती, सिमेंटची धूळ, कोकणातली लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसली की काचेवर ओरखडे पडतात. हे ओरखडे रात्री समोरच्या दिव्यांत चमकतात आणि मग कुठलंच ब्लेड ते घालवू शकत नाही.

३. पक्ष्यांची घाण किंवा झाडाचा चीक असेल तर त्यावर ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवून मऊ होऊ द्या, मग उचला. खरवडू नका.

४. साबणाच्या पाण्याने गोलाकार चोळून धुवा. सगळ्यात मळकी जागा असते वायपर थांबतो ती, म्हणजे काचेचा तळ आणि त्याखालची काळी प्लास्टिकची जाळी. तिथला पाचोळा हाताने काढा. तो ओला झाला की ब्लेडखाली येतो, आणि जाळीखालच्या पाणी जाण्याच्या वाटाही त्यानेच तुंबतात.

५. भरपूर पाण्याने साबण पूर्ण काढा. उरलेला साबणही रेघा पाडतो.

६. कोरड्या फडक्याने पुसा.

आता पाण्याचा हलका शिडकावा देऊन बघा. पाणी सगळीकडे सारखं पसरत असेल तर काच स्वच्छ आहे. काही ठिकाणी थेंब थेंब होऊन तुटत असेल तर तिथे तेल, मेण किंवा सिलिकॉन आहे. डिझेलचा धूर, महामार्गावरच्या ट्रकांमागून उडणारं तेलकट पाणी, डॅशबोर्डच्या पॉलिशचा हात काचेला लागणं आणि वॉशिंग सेंटरमधलं चकाकी आणणारं मेण, ही त्याची नेहमीची कारणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन तो भाग पुन्हा पुसा. काचेवर मुद्दाम पाणी घसरवणारं कोटिंग केलं असेल तर थेंब होणारच. मात्र ते कोटिंग जागोजागी झिजलेलं असेल तर ब्लेड थरथरतं. अशा वेळी ते पूर्ण काढून पुन्हा सारखं लावावं लागतं.

बोअरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांच्या काचेवर पांढरे ठिपके असतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून त्यात भिजवलेलं फडकं ठिपक्यांवर काही मिनिटं ठेवा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. रंगावर ओघळू देऊ नका. तारेचा चोथा आणि भांड्यांची हिरवी घासणी काचेपासून दूर ठेवा.

तपासा: तळहातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून काचेवरून हलका हात फिरवा. नुसत्या बोटांना न जाणवणारा खडबडीतपणा असा लगेच कळतो. खरखर लागली तर धुणं पुन्हा करा.

## ६. जुनं ब्लेड काढणं

एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचं जुनं ब्लेड तसंच ठेवा. कुठला भाग कुठे बसतो हे विसरलं तर नमुना समोर असतो.

१. काचेवर, त्या आर्मच्या बरोबर खाली, घडी घातलेला टॉवेल पसरा. ही पायरी वगळू नका.

२. आर्म पूर्ण उभा करा. शेवटच्या टप्प्यात तो आपोआप थांबतो. अर्धवट उचललेला आर्म कधीही मिटतो. एक हात आर्मवर कायम ठेवा.

३. ब्लेड आर्मशी काटकोनात येईल असं फिरवा. आता मधला प्लास्टिकचा अ‍ॅडाप्टर आणि त्यात बसलेला हुक दिसतो. फोटो काढा.

४. अ‍ॅडाप्टरवरचा छोटा खटका अंगठ्याने दाबा. वर झाकण असेल तर ते आधी उघडा.

५. खटका दाबून धरूनच ब्लेड खाली, म्हणजे आर्मच्या बुंध्याकडे, सरकवा. दोन-तीन सेंटिमीटर सरकलं की हुक मोकळा होतो.

६. आर्मचं टोक ब्लेडच्या खिडकीतून, म्हणजे मधल्या मोकळ्या फटीतून, अलगद बाहेर काढा.

७. आर्म हाताने हळूच खाली आणून टॉवेलवर टेकवा. मोकळा आर्म उभा ठेवून नवं ब्लेड शोधायला जाऊ नका.

सगळ्यात जास्त चुका पाचव्या पायरीत होतात. लोक ब्लेड वर, टोकाकडे ओढतात. हुक तर वरच्या बाजूने वळलेला असतो, म्हणजे वर ओढल्यावर तो आणखी घट्ट बसतो. मग जोर वाढतो, अ‍ॅडाप्टर तुटतो आणि आर्मला पीळ पडतो. नवं ब्लेड लावल्यावर सुरू होणाऱ्या थरथरीचं मूळ पुष्कळदा या ओढाताणीत असतं. ब्लेड सरकत नसेल तर खटका पूर्ण दाबला गेलेला नाही किंवा धूळ साचली आहे. पाणी टाका, खटका स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच उचला आणि बुंध्याकडेच ढकला.

## ७. नवं ब्लेड बसवण्याआधी आर्म पाहा

ब्लेड निघालेलंच आहे तर दोन मिनिटं इथे द्या. हुकला गंज असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढा. आर्म टॉवेलवरून चार-पाच सेंटिमीटर उचलून सावकाश खाली न्या. हाताला स्प्रिंगचा स्पष्ट जोर लागला पाहिजे. दुसऱ्या बाजूच्या आर्मशी तुलना करा. एक खूपच ढिला वाटला तर स्प्रिंग थकली आहे किंवा सांधा कोरडा पडून जाम झाला आहे. सांध्याच्या पिनेवर तेलाचा एक थेंब टाका, आर्म दहा-बारा वेळा वरखाली करा आणि जादा तेल पुसून घ्या. ते काचेवर गेलं तर सगळी धुलाई वाया.

आर्मच्या बुंध्याशी टोपणाखाली नट असतो. वायपर चालताना मध्येच मागे राहत असेल किंवा मोटरचा आवाज येऊनही आर्म हलत नसेल, तर बहुधा हा नट सैल आहे. ब्लेड बदलून तो दोष जाणार नाही.

## ८. नवं ब्लेड बसवणं

१. लांबी पुन्हा बघा. लांब ड्रायव्हरकडे, आखूड शेजारी. पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेप्रमाणे.

२. फोटोशी ताडून योग्य अ‍ॅडाप्टर लावा. बसताना 'टक्' असा आवाज येतो.

३. रबरावरचं प्लास्टिकचं संरक्षक आवरण काढा. पिवळं किंवा पारदर्शक असतं. ते तसंच ठेवून वायपर चालवणारे आणि "नवं ब्लेड पुसतच नाही" म्हणत दुकानात परत जाणारे लोक दर पावसाळ्यात असतात. आवरण टोकाकडून सरळ ओढा आणि रबराच्या कडेला बोट लावू नका. तिथे ग्रॅफाइटचा थर असतो, तो पुसला गेला तर ब्लेड कोरडं चालतं आणि कुरकुरतं.

४. ब्लेडची दिशा ठरवा. वाऱ्याला अडवणारा उंच पंख असलेल्या ब्लेडमध्ये, वायपर थांबलेला असताना पंखाचा उतार बॉनेटकडे यायला हवा. वेगात गाडी चालवताना खालून येणारी हवा मग त्या उतारावर दाब देऊन ब्लेड काचेला चिकटवते. उलटं लावलं तर हीच हवा ब्लेड उचलते आणि महामार्गावर पुसणं बंद होतं.

५. आर्म उचला. हुक ब्लेडच्या खिडकीतून आत घाला, अ‍ॅडाप्टर हुकच्या वळणात येऊ द्या आणि ब्लेड वर, आर्मच्या टोकाकडे ओढा. 'टक्' ऐकू आलं पाहिजे.

६. खटका न दाबता ब्लेड बुंध्याकडे थोड्या जोराने ओढून बघा. ते हलता कामा नये. थोडंसं पुढेमागे डुलणं मात्र ठीक आहे, ब्लेडला काचेप्रमाणे कलायला तेवढी मोकळीक लागतेच.

७. ब्लेड आर्मला समांतर करा, टॉवेल काढा आणि आर्म हाताने काचेवर टेकवा. आपोआप पडू देऊ नका.

आता दुसरी बाजू, सहाव्या टप्प्यापासून.

सावधान: 'टक्' झालं नसेल आणि ब्लेड वरवर बसल्यासारखं वाटत असेल, तर ते तसं सोडू नका. असं ब्लेड पहिल्या जोरदार सरीत, वायपर वेगात असताना उडतं. मग उघडा हुक काच खरवडत फिरतो. ती अर्धगोल चर पॉलिशने जात नाही, काच बदलावी लागते.

## ९. चाचणी, तीही ओल्या काचेवर

कोरड्या काचेवर नवं ब्लेड चालवू नका. काचेवर मग्याने पाणी ओता, इग्निशन सुरू करा आणि वायपर सर्वात कमी वेगावर लावा. दुसऱ्या माणसाने पाणी ओतत राहिलं तर बरं.

- वरच्या टोकाला ब्लेड काचेच्या कडेच्या रबराला किंवा काचेशेजारच्या खांबाला लागत नाही ना
- दोन ब्लेड एकमेकांत येत नाहीत ना
- जाताना आणि येताना, दोन्ही वेळा आवाज सारखाच आहे ना
- थांबल्यावर ब्लेड चिकटपट्टीच्या खुणेपाशी आलं ना

मग वेग वाढवा. वेगात ब्लेडची झेप थोडी वाढते, त्यामुळे मंद गतीत न लागणारं ब्लेड जलद गतीत खांबाला लागू शकतं. नंतर फवारा मारून बघा. फवारा काचेच्या मध्यभागी पडायला हवा. पाण्याची एकच धार सोडणाऱ्या नोझलची दिशा टाचणीने हळूच वळवता येते. पंख्यासारखं पाणी पसरवणाऱ्या नोझलमध्ये टाचणी घालू नका. पहिल्या काही फेऱ्यांत हलकी रेघ दिसली तरी घाबरू नका, रबराच्या कडेवरचा कारखान्यातला थर बसायला थोडा वेळ लागतो.

## १०. फक्त रबर बदलायचं असेल तर

जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत सांगाडा तसाच ठेवून नुसतं रबर बदलता येतं. सांगाडा सरळ आणि सांधे मोकळे असतील तर हा सगळ्यात स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. चुकतं ते धातूच्या पट्ट्यांपाशी. रबराच्या दोन बाजूंना दोन पातळ पट्ट्या असतात आणि नव्या रबरासोबत त्या येतीलच असं नाही. जुनं रबर फेकण्याआधी त्या काढून घ्या.

ब्लेड आर्मवरून काढून टेबलावर ठेवा. रबराच्या एका टोकाला कुलूप असतं, म्हणजे रबराच्या खाचेत सांगाड्याचा शेवटचा नखाएवढा आकडा अडकलेला असतो. ते टोक कोणतं, याची खूण करा. रबर चिमटीत दाबून ओढलं की आकडा सुटतो आणि सगळं रबर सरकत बाहेर येतं. पट्ट्यांची वक्रता कोणत्या दिशेला आहे तेही बघून ठेवा. नव्या रबराच्या दोन्ही खाचांत पट्ट्या बसवताना त्यांच्या कडेच्या लहान खाचा आतल्या बाजूला, रबराच्या उंचवट्यांवर बसल्या पाहिजेत, आणि दोन्हींची वक्रता एकाच दिशेला हवी. मग रबर सांगाड्यात ओवा. प्रत्येक आकडा पट्टीसकट रबराला धरतो आहे का, हे एकेक करून बघा. एखादा आकडा सुटला तर तिथेच दाब कमी पडतो. शेवटी कुलपाचं टोक पूर्वीच्याच जागी अडकवा. रबर लांब निघालं तर कुलूप नसलेल्या टोकाने कात्रीने सरळ कापा, पण सांगाड्याबाहेर थोडं राहू द्या.

## ११. मागचा वायपर

मागच्या काचेचं ब्लेड वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, त्यामुळे ते सहसा समोरच्यापेक्षा वाईट अवस्थेत असतं. त्याचा जोड प्लास्टिकचा असतो आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा. अनेक गाड्यांत आर्म थोडाच उचलला जातो. जबरदस्तीने काटकोनापर्यंत नेऊ नका, प्लास्टिक तुटतं. बहुधा ब्लेड फिरवून एका ठरावीक कोनात आणलं की खटकन सुटतं. इथे मूळ कंपनीचंच ब्लेड घेतलेलं बरं.

## १२. नवं ब्लेड लावूनही त्रास असेल तर

फक्त एकाच दिशेने जाताना थरथर: आर्मला पीळ पडला आहे. रबर काचेवर काटकोनात उभं असेल तरच त्याची कड प्रत्येक फेरीच्या शेवटी पलटते. आर्म कलला की एका दिशेला ती पलटत नाही, ढकलली जाते. पक्कडीने आर्म वाकवण्याचे प्रयोग घरी करू नका. मेकॅनिककडे सांगताना "ब्लेड खराब आहे" असं न म्हणता "आर्मचा कोन बघा" असं सांगा.

दोन्ही दिशांना थरथर: काच पुन्हा धुवा, मेण किंवा सिलिकॉन राहिलं आहे. सरळ पाचव्या टप्प्यावर परत जा.

एकाच जागी पट्टा राहतो: फ्लॅट ब्लेडची वक्रता काचेशी जुळत नाही. बाहेरून वाकून फट दिसते का पाहा. दिसली तर सांगाड्याचं ब्लेड घ्या.

वेगात गाडी चालवताना पुसणं कमी होतं: पंख उलटा किंवा स्प्रिंग थकलेली.

रात्रीच रेघा दिसतात, दिवसा नाही: काचेवर बारीक ओरखडे आहेत, नाहीतर आतल्या बाजूने धुरकट थर आहे. आतली बाजूही पुसा. डॅशबोर्डचं प्लास्टिक तापून येणारा थर तिथे नेहमी असतो.

## १३. नंतरची काळजी

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने रबर पुसा. पेट्रोल, रॉकेल, थिनर रबराला लावू नका, ते फुगतं आणि मऊ पडून फाटतं. धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर चालवू नका. आधी फवारा मारा. फवाऱ्याच्या टाकीत स्वच्छ, शक्यतो कमी क्षारांचं पाणी आणि वायपरसाठी मिळणारं लिक्विड घाला. कपडे धुण्याची पावडर फेस करते आणि नोझल बंद पाडते.

उन्हात गाडी ठेवताना आर्म दिवसभर उभे करून जाण्याची पद्धत दिसते. कुणाचा धक्का लागला किंवा वारा आला तर आर्म आपटतो. त्यापेक्षा काचेवर बाहेरून आच्छादन टाका. गावाकडे गाडी काही महिने उभी राहणार असेल तर ब्लेड काढून सावलीत आडवी ठेवा, आर्मच्या टोकांना जाड कापड बांधा आणि स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा, "वायपर सुरू करू नये".